बेळगावचं यमक

संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस मला आताशा नकोसे होतात. तोंडानं सारखं ‘गोड बोला’ म्हणायचं आणि पोटात कडू घेऊन फिरायचं. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत राजकारण बोलायचा मक्ता पुरुषांचा. माझा नवरा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज सीमाप्रश्न सोडवतो आणि घरी येऊन मला बजावतो, ‘बायकांनी यात पडायचं न्हाय.’

यंदाच्या हळदी-कुंकवाला समोरच्या आक्का आल्या. त्यांच्या घरात माग आहेत आणि बोली कन्नड, पण माझ्याशी बोलतात ते अस्सल इथलं मराठी, बायकांनीही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायचं तसलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला त्यांनीच न्हाऊ घातलं. घरपट्टीचा कागद कन्नडमधून येतो, तो मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडून वाचून घेते. एवढा घरोबा, पण या गावाच्या नावाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. मला भीतीच वाटायची.

शेजारची नवी सून उखाणा घ्यायला उभी राहिली.

‘माहेर माझं लोंढा, सासर बेळगाव,
सवाष्णींच्या मेळ्यात घेते …रावांचं नाव.’

‘बेळगावी म्हण गं बाई,’ कुणीतरी खिदळलं. ‘आता सरकारी नाव त्येच हाय.’

‘मग यमक मोडतंय की,’ पोरगी भाबडेपणानं म्हणाली.

सगळ्या हसल्या आणि लगेच नजरा आक्कांकडे वळल्या.

‘माझ्याकडं काय बघताय?’ आक्का म्हणाल्या. ‘माझी आई बेळगावीच म्हणायची. मला काय सरकारनं शिकवलं न्हाय.’

त्यांचं खरंच होतं, आणि तरी माझं डोकं फिरलं. ‘माझी आई बेळगाव म्हणायची, आक्का. तुमचा शब्द पाटीवर चढला, माझा उतरला. घर माझं, आन् घराचा कागद मला वाचता येत न्हाय. दर येळी तुमच्या दारात येताना लाज वाटती मला.’

‘इतकी वर्सं येतीस. कधी बोलली न्हाईस.’

‘तुम्ही तरी कुठं विचारलं?’

आक्का काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी तिळगुळाची वाटी आमच्या मध्ये सारली. ‘गोड बोला गं बायांनो.’ झालं, विषय मिटला. आक्कांनी कुंकू लावून घेतलं आणि वाण न घेताच निघून गेल्या. त्यांच्या वाट्याचा स्टीलचा डबा फळीवर तसाच राहिला.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. समोरचा माग खडखडत असला की वाटे, जावं. थांबला की वाटे, आता त्या दारात आल्या असतील, नको. पुन्हा पुन्हा अंगण झाडत होते मी. बोलले त्याचा पस्तावा नव्हता. अर्धंच बोलणं झालं, याची तगमग होती. रथसप्तमीला हळदी-कुंकू संपतं. त्या दिवसापर्यंत डबा गेला नाही तर या उंबऱ्याचं येणंजाणं संपलं, हे मला कळत होतं.

रथसप्तमीच्या संध्याकाळी आक्का आल्या. ‘वाण न्यायला आलो,’ म्हणाल्या.

मी कुंकू लावलं, डबा दिला आणि सवयीनं म्हणाले, ‘तिळगूळ घ्या, गोड…’

त्यांनी माझं मनगट धरलं. ‘फुडचं नको. त्या दिवशी माझं ऱ्हायलं ते ऐक. तुझा कागद तुला वाचता यायला पायजे, हे मला पटलं. पर संक्रांतीच्या आधी माझ्या पोरीनं टपरीवर ‘बेळगावी’ म्हटलं, तर गड्यांनी तिला अडवून धरलं. ‘बेळगाव’ म्हण, मग जा, म्हणाले. रडत घरी आली पोर.’ त्यांनी माझं मनगट सोडलं. ‘त्या गड्यांत तुझा नवरा हुता.’

आत नवरा बसला होता, तिथून टीव्हीचा आवाज एकदम वाढला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पण या वेळी त्यांच्या हातात वाटी नव्हती.

माझा शब्द, माझ्या आईचा शब्द, त्या पोरीच्या तोंडून असा जबरदस्तीनं वदवून घेतला होता. मला अंगभर घाण लागल्यासारखं वाटलं. मी आत गेले आणि टीव्ही बंद केला.

‘बाहेर या,’ मी नवऱ्याला म्हणाले. ‘आक्का आल्यात. आता आम्ही बोलणार हाय, तुम्ही ऐका.’