तेहतीस अंशांवरची नऊ हृदये

दिनांक १४ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. प्रयोगशाळेतील पाणी तापवणाऱ्या पेटीच्या पडद्यावर सदतीस अंश. त्याच पाण्यात बुडवलेल्या पाऱ्याच्या तापमापकावर तेहतीस. ही तफावत ज्यांनी वहीत नोंदवली, त्या तंत्रज्ञांना १८ मार्चपासून भांडारात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यास बसवण्यात आले आहे.

संस्थेत सगळे त्यांना काकाच म्हणतात. सव्वीस वर्षे ते एकच काम निगुतीने करत आले: उंदराचे हृदय काचेच्या नळीला टांगायचे, त्यात पेटीतल्या पाण्याने उबदार ठेवलेले द्रावण सोडायचे आणि ते धडधडते ठेवायचे. या खेपेस प्रश्न मोठा होता. झटका आलेल्या हृदयाचा अडलेला रक्तपुरवठा पूर्ववत झाला, की त्या पुनरागमनानेच पेशींवर नवा घाला पडतो. गुंगीचे एक औषध तो घाला परतवते का? औषध उशिरा आले. म्हणून बिनऔषधाची नऊ हृदये डिसेंबरात झाली, औषधाची नऊ फेब्रुवारीत. औषधाची ठणठणीत निघाली. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर हरखले. माणसांवरील चाचणीचा अर्ज गेला.

काकांची जुनी खोड म्हणजे पाण्यात मनगट बुडवून पाहणे.

“काका, बाळाला न्हाऊ घालताय का?” संशोधक मुली चिडवत.

“बाळच आहे ते. ग्रॅमभराचं!”

जानेवारीत रबरी हातमोजे सक्तीचे झाले आणि खोड सुटली. पेटीचा पडदाही त्याच महिन्यात बदलला. चौदा मार्चला हातमोजा फाटला, पाणी मनगटाला लागले, आणि काका चपापले. गार हृदयाला कमी प्राणवायूही पुरतो, ते तगून जाते. मग फेब्रुवारीतली ती नऊ हृदये औषधाने वाचवली की गारव्याने?

“चार अंशांनी काय आभाळ कोसळतं, काका?” सर म्हणाले.

“ती नऊ परत करू, सर. पंधरा दिवसांचं काम.”

“लेख छापायला गेलाय. तुमच्या मनगटापायी परत मागवू?”

घरी पत्नीने कपाळाला हात लावला. “अहो, दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. गप्प बसायला काय जातं तुमचं?”

“टांगली मीच ना ती? उद्या टेबलावर माणूस असेल.”

तिने कागद पुढे ओढला. मग म्हणाली, “तक्रार मला सांगा, मी लिहिते. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.”

तिच्या अक्षरातली तीन पत्रे संस्थेत पोहोचली. उत्तर एकाचेही नाही. चाचणी एक जूनपासून सुरू होत आहे.

औषध निरुपयोगी आहे, असे काका म्हणत नाहीत. ते गुणकारी ठरले, तर सर्वांत आधी तेच सुखावतील. पण ते अजून कोणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचे सांगून रुग्णांच्या सह्या घेतल्या जाणार आहेत.

वाचकहो, संस्थेच्या संचालकांना आपल्या नावानिशी लिहा: औषधाचा प्रयोग नव्या नऊ हृदयांवर, सदतीस अंशांवर पुन्हा करा, तोवर एकाही रुग्णाला हात लावू नका.