पंख्यातल्या अक्षता

ऋचा मूळची सांगलीची. लग्न होऊन म्हैसूरला, विजयनगरातल्या या घरात आली तेव्हा तिला कन्नडचं अक्षरही येत नव्हतं. सासूबाई इंदिराबाई मराठीच बोलायच्या, पण तिसऱ्या शब्दाला गाडी कन्नडच्या रुळावर जायची. सांगलीची नोकरी सुटली ती सुटलीच. इथे मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न कन्नड येतं का, आणि दुसरा प्रश्न कधी आलाच नाही. हाताशी उरला एक दुपारचा खेळ. पाच गावांतल्या पाच बायका कंप्युटरवर एकत्र यायच्या आणि दुसऱ्या पाचांशी लढायच्या. घरात बसून लढाया खेळणारी सून म्हटलं की लोकांना हसू येतं. येऊ दे. दिवसभरात पोटभर मराठी बोलायला मिळायचं ते त्या कानातल्या हेडफोनवर, आणि 'ऋचा, तू आहेस म्हणून निर्धास्त आहोत' असं तिला म्हणणारीही तिथेच कुणी होती.

दसरा झाला आणि खेळ अडखळू लागला. तिनं बटण दाबावं आणि पडद्यावरची तिची बाई श्वासभर जागीच थिजावी. पुन्हा हलेपर्यंत शत्रू तिला आडवी करून पुढे गेलेला असे. इंटरनेटवाला येऊन लाइन तपासून गेला. लाइन ठणठणीत होती.

"ऋचा, शनिवारी उपांत्य सामना आहे," संघाची कप्तान पावनी बंगळूरहून म्हणाली. "तेव्हाही असंच झालं तर तुझ्या जागी दुसरी घ्यावी लागेल. राग मानू नकोस."

राग कसला मानणार? ऋचानं कंप्युटरचा डबा उघडला. आत पंख्याच्या पात्यांत हळदीकुंकवाच्या अक्षता आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दसऱ्याच्या आयुधपूजेला या घरात सुरीपासून स्कूटरपर्यंत सगळं पुजतात, त्यात कंप्युटरही आला. इंदिराबाईंनी त्याच्यावर मनसोक्त अक्षता वाहिल्या होत्या. तो दिवसभर देवापुढे होता आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नव्हता.

"आई, अक्षता पंख्यात अडकल्या होत्या. म्हणून कंप्युटर अडखळत होता," ती म्हणाली.

"देवाच्या अक्षतांनी यंत्र बिघडतंय होय? सुम्ने, उगीच काहीतरी बोलू नको," इंदिराबाई म्हणाल्या.

पण अक्षता काढल्यावर त्या दिवशी खेळ पाण्यासारखा चालला. रविवार होता. निशांत, तिचा नवरा, शेजारच्या खोलीत लोळत पडला होता. ऋचानं मनातल्या मनात सासूवर एक गुण मिळवला. सोमवारी निशांत बेळगोळच्या कारखान्यात कामाला गेला आणि दुपारी खेळ पुन्हा अडखळला. मिळवलेला गुण तिला गुपचूप परत करावा लागला.

मग तिनं टास्क मॅनेजर उघडला. मागे काय काय चालू असतं ते ती एकेक वाचत गेली. बहुतेक नावं ओळखीची होती. एक मात्र इंटरनेट घटाघटा पीत होतं, आणि त्याचं नाव प्रिंटरच्या कामाचं वाटावं असं होतं. या घरात प्रिंटर कधी आलाच नव्हता. तिनं तो प्रोग्रॅम बंद केला. खेळ लगेच सुरळीत झाला. तेवढ्यात फोन वाजला.

"ऊट आयता?" निशांत विचारत होता.

"झालं की जेवण. का रे?"

"सहज."

फोन ठेवून ती वळली तर तो प्रोग्रॅम परत येऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा बंद केला. पुन्हा फोन, पुन्हा जेवण झालं का. एवढ्या वर्षांत निशांतला बायकोच्या जेवणाची इतकी आठवण कधी आली नव्हती.

प्रोग्रॅम कधी टाकला ते कंप्युटरच सांगतो. तिनं पाहिलं. दिवस आयुधपूजेचा होता. ज्या दिवशी घरातलं कुणी यंत्राला शिवत नाही तो दिवस. त्या संध्याकाळी ती आणि इंदिराबाई गाडीची पूजा करायला देवळात गेल्या होत्या, आणि देवापुढचा दिवा विझू नये म्हणून निशांत घरी राहिला होता. किती भाविक आहे, असं तिला त्या वेळी वाटलंही होतं.

तिनं प्रोग्रॅम मुळापासून काढायचा प्रयत्न केला. त्यानं पासवर्ड मागितला. या घरात दूधवाल्याच्या ॲपपासून बँकेपर्यंत सगळ्याला एकच पासवर्ड, कुलदेवीचं नाव आणि घराचा नंबर. तिनं तो घातला. चालला नाही. घरातलं एक कुलूप तिला न सांगता बदललं होतं.

त्या प्रकारचे प्रोग्रॅम काय करतात ते तिनं फोनवर वाचलं. दुरून पडदा पाहता येतो, आणि कुणी पाहत असेल तोवर इंटरनेट ओढलं जातं. म्हणजे ती अडखळत होती तेव्हा तेव्हा निशांत पाहत होता. ती हसत होती, पावनीला सासूच्या गमती टाइप करत होती, तेव्हाही.

संध्याकाळी निशांत मंडी मोहल्ल्यातून तिच्या आवडीची केळी घेऊन आला. हाक मारून तिला आधी वाढलं. तिनं विचारलं असतं तर तो म्हणाला असता, काळजी वाटते गं. त्या शब्दापुढे काय बोलायचं? सांगलीला सांगितलं असतं तर वडील म्हणाले असते, मारतो का? नाही ना? मग? तिला भीती वाटत होती, आणि भीती दाखवायला एक ओरखडासुद्धा नव्हता. तिनं केळं सोललं आणि खाल्लं.

शनिवारीही निशांत कारखान्यात होता. दुपारी सामन्याआधी तिनं एक कोरं पान उघडलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'निशांत, मला कळलंय. तू पाहतोस. आज माझा सामना आहे, एवढा एक तास पाहू नकोस. मग आपण बोलू.' पान पडद्यावर तसंच ठेवून ती बसून राहिली. फोन वाजला नाही. थोड्या वेळानं त्या प्रोग्रॅमचं इंटरनेट पिणं थांबलं.

ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ऐकलं होतं. एवढी साधी गोष्ट होती, उगीच आपण घाबरलो, असं तिला वाटलं.

सामना सुरू झाला. पडद्यावरची बाई तिच्या बोटांसारखी पळत होती. दार अडवायचं काम ऋचाचं, आणि तिनं कुणाला आत येऊ दिलं नाही. "ही आमची जुनी ऋचा," पावनी कानात म्हणाली. शेवटच्या फेरीत दोन्ही संघ बरोबरीत आले. समोरून तिघं दारावर चालून आले. ऋचानं बटण दाबलं.

बाई हलली नाही.

तिनं पुन्हा दाबलं. ती तशीच उभी. तिघं तिच्या अंगावरून आत गेले. कानात चौघींचे आवाज एकमेकांत मिसळले आणि सामना हातचा गेला.

"ऋचा," पावनी म्हणाली, "पुढच्या वेळी मी सुमाला घेते गं."

"हो," ऋचा म्हणाली. तिनं हेडफोन काढून ठेवला. स्वयंपाकघरात इंदिराबाई खोबरं खवत होत्या. फोन वाजला. तिनं तो लगेच उचलला नाही. पडद्याकडे पाहत राहिली, पडद्यातून पलीकडे कुणी दिसतं का ते पाहावं तशी. मग उचलला.

"ऊट आयता?" निशांत म्हणाला.

"आयतू," ऋचा म्हणाली. एवढं कन्नड तिला आता येत होतं.