मी चाललो हं

माझा धाकटा भाऊ शिंपी. दिवसभर मशीनवर मान मोडून बसतो आणि संध्याकाळी अडीच वर्षांच्या लेकीला बागेत नेतो. लाडाने तिला चिमणी म्हणतात, पण हट्टाला पेटली की हत्ती लावला तरी हलायची नाही. घरी चल म्हटलं की भर रस्त्यात फतकल मारते. मग भाऊ पाठ फिरवून म्हणतो, "मी चाललो हं." चार पावलं टाकली की ही रडत मागे. हात उगारावा लागत नाही, याचा त्याला कोण अभिमान.

ही शिस्त नवरा-बायको दोघांची. पोरगी घास तोंडात धरून बसली की भावजय पिशवी उचलून दारात जायची. मी दहादा बजावलं, लेकराला असलं सांगू नका. पण माझं ऐकतंय कोण. गेल्या महिन्यात ती तशीच पिशवी घेऊन "मी चालले" म्हणाली, तेव्हा भावाने काजं करताना मानही वर केली नाही. ती परत आली नाही. फोनही उचलत नाही.

काल मीही त्यांच्याबरोबर बागेत गेले. निघताना चिमणीने फाटकाशीच फतकल मारली. भाऊ सवयीने म्हणाला, "मी चाललो हं," आणि चालू लागला.

ती रडली नाही, उठलीही नाही. पाठमोऱ्या बापाला शहाण्यासारखा हात हलवून टाटा केला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आत्या, तू कधी जाणार?"