पगडीवाला विद्यार्थी

शिक्षक संमेलन हा प्रकार मला कधी मानवला नाही. सुटीच्या दिवशी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि ज्यांनी जन्मात पोरं सांभाळली नाहीत त्यांच्याकडून पोरांना कसं शिकवावं ते ऐकायचं. पण १९३४ सालचं शेलूबाजारचं संमेलन आठवलं की मी आजही एकटाच हसतो. ते गफ्फारमुळे.

गफ्फार म्हणजे तिथल्या उस्मान पिंजाऱ्याचा मुलगा. सातवी पास होऊन जवळच्या खेड्यातल्या शाळेवर तात्पुरता लागला होता. वर्गात त्याचा आवाज असा, की विहिरीवरच्या बायांचेही पाढे पाठ झाले. वडीलधाऱ्यांसमोर मात्र त्याची दातखीळ बसायची. त्यात नोकरी तात्पुरती, म्हणून आमच्यात त्याला कोणी मास्तर म्हणत नसे. शेलूबाजारचे हेडमास्तर उकंडराव तर सरळ 'ए पोरा' अशी हाक मारत.

त्या वर्षी शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांनी नमुन्याचा पाठ त्यालाच द्यायला लावला. नवी पद्धत होती: छडी नाही, घोकंपट्टी नाही, खरी वस्तू पुढं ठेवून शिकवायचं. विषय कापूस. पाठ चांगला झाला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. गफ्फारनं बापाकडं कापूस पिंजायची पिंजण मागितली. उस्मानचाचांनी ती मोठी धनुकली खुंटीवरून काढून दिली आणि म्हणाले, "ने. पाठ फसला त उद्यापासून हेच करा लागन तुले."

संमेलनाच्या दिवशी पाहतो तर वर्ग रिकामा. कापूस वेचणीचे दिवस, पाठासाठी बोलावलेली सगळी पोरं आईबापांसोबत वावरात. मग साहेब म्हणाले, आज मास्तरांनीच पोरं व्हावं. आणि स्वतःही डोक्यावरच्या पगडीसकट मागच्या ओळीत चटईवर बसले.

मास्तर लोकांना एकदा चटईवर बसवून पाहा. उकंडरावांनी बसल्या बसल्या पुढच्याची टोपी उडवली. मी त्यांच्या सदऱ्यात सरकी टाकली. गफ्फार आधी नुसता चाचरत होता. पण पिंजणीची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, वाजू लागली, कापूस उडून आमच्या मिशांवर बसला, रोजच्या पोरांसारखी दंगल सुरू झाली आणि गड्याला आवाज फुटला. त्यानं उकंडरावांना कान धरायला लावले. त्यांनी धरलेही. इतका रंगलेला पाठ मी पाहिला नव्हता.

मागं साहेब शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगत होते. गफ्फारची नजर तिकडं गेली आणि तो गरजला, "ए पगडीवाल्या, कायच्या गप्पा मारून राह्यला? उभा राह्य."

साहेब उभे राहिले. पिंजायच्या आधी सरकी काहून काढतात, असं त्यानं विचारलं. साहेबांना सांगता येईना.

"ध्यान नाही तुयं. तसाच उभा राह्य."

एवढं बोलून तो पिंजणीकडं वळला. दंगा करणारे सगळे मास्तर एकदम ताठ बसले. ते पाहूनच तो भानावर आला. पगडीकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हातातोंडाशी आलेला पोराचा घास गेला, असंच वाटलं मला.

साहेबांच्या पगडीवर कापूस साचला होता. ते अजून उभेच होते. "आता बसू का, मास्तर?" त्यांनी विचारलं.

गफ्फारनं पिंजण पुन्हा उचलली. मग वर्गातल्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "बसा. पन आता ध्यान द्या."

नोकरी तिथंच कायम झाली. पिंजण त्याच्या शाळेतच राहिली. कोणाची गादी पिंजायची असली की उस्मानचाचा शाळेत येऊन ती मागून नेत, आणि कुरकुर करत परत आणून देत.

पण मला आठवते ती संमेलनानंतरची पानसुपारी. उकंडरावांचे कान अजून लाल होते. तबक घेऊन ते साहेबांना सोडून पुढं गेले आणि गफ्फारसमोर थांबले.

"घ्या, गफ्फार मास्तर," ते म्हणाले.