कागलला टाकलेलं कार्ड

तुम्ही आता ‘गे’ हा शब्द सहज वापरता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या कोल्हापुरात तो कुणाच्या तोंडी नव्हता. तेव्हा मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि दर बुधवारी संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जात होते. ज्या पुरुषांचे पुरुषांशी संबंध असत, त्यांना गुप्तरोगांची माहिती द्यायची आणि तपासणीला आणायचं, हे काम त्यांच्यातलेच काही स्वयंसेवक करत. त्यांना तयार करायचं माझ्याकडे होतं. मला शिस्त आहे, असं डॉक्टरांचं मत.

शिस्त होतीच, पण कुतूहल त्याहून जास्त. बागेत बसलेल्या दहा जणांतला ‘आपल्यातला’ कोण, हे यांना कसं कळतं? स्वयंसेवकांत कागलचा एक शिंपी होता, त्याला मी विचारलंच. तो हसला. “बाई, तुमी वांगी निवडतासा तवा वही काढून बघतासा व्हय?”

एका बुधवारी कागलचा एक तरुण दुसऱ्या इंजेक्शनला आला नाही. आठवड्याला एक, अशी तीन घ्यायची होती. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यात घरी त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती. मी घरी येऊन सुवाच्य अक्षरात पोस्टकार्ड लिहिलं : आपले दुसरे इंजेक्शन राहिले आहे, शनिवारी अवश्य यावे. आजाराचं नाव लिहिलं नाही, एवढी काळजी घेतली, आणि सकाळी कार्ड पेटीत टाकलं.

त्या संध्याकाळी मुद्दाम दवाखान्यात जाऊन स्वयंसेवकांना मी हे कौतुकानं सांगितलं. शिंपी कपाळाला हात लावून म्हणाला, “उघडं कार्ड टाकलासा? बाई, त्याच्या आईला वाचता येत न्हाय. पोस्टमन अंगणात उभा राहून वाचून दावतोय, सगळी गल्ली ऐकती की!”

दुसऱ्या दिवशी शिंपी पोस्टमनच्या आधी पोचायला धावला, पण कार्ड वाचून झालं होतं. आई विचारत होती, “कसलं इंजेक्शन रं?” आणि मुलगा भिंतीला टेकून उभा. शिंप्यानं दारातूनच सांगितलं, “मावशी, कुत्रं चावलंय त्याला. तुमी घाबरशीला म्हणून बोलला न्हाय.”

शनिवारी मीही दवाखान्यात गेले. आई स्वतः मुलाला घेऊन आली. तो आत गेल्यावर माझ्याजवळ बाकावर बसली.

“कुत्र्याची इंजेक्शनं चौदा अस्त्यात न्हवं? बेंबीपाशी?”

मी म्हटलं, “हो.”

“ह्याला आठवड्याला एक. आणि गेल्या बारीला घरी आला तवा दोन दिस पाटावर बसता आलं न्हाय.”

खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं सांगायचा हक्क नव्हता. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिले.

“बरा हुईल न्हवं?”

“तिसरं घेतलं की होईल. चुकवू मात्र नका.”

“न्हाय चुकवत,” ती म्हणाली आणि पदर सावरून उठली.

त्यानंतर मी एकही कार्ड टाकलं नाही. कुणी चुकला की शिंपी निरोप धाडायचा, ‘सदरा मापाला तयार हाय.’

तिसऱ्या इंजेक्शनला तो तरुण एकटाच आला. आईनं माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा दिल्या होत्या. लग्नाची बोलणी तिनं पुढच्या वर्षावर ढकलली होती. का, ते त्याला ठाऊक नव्हतं. “आई म्हणती, घाई न्हाय,” एवढंच तो म्हणाला. तिला नेमकं काय आणि किती कळलं होतं, याचं कोडं मला अजून आहे.