वन्स मोअर घ्यायचा नव्हता

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. नाचणगावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटर बंद पडली म्हणजे आत कुठेतरी वायर जळलेली असते. सापडेपर्यंत शोधायची, बस्स. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी बायकोजवळ हसायचो… आज मीच लिहितोय. तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

आमच्या गावात एक गुरुजी होते. त्यांची लहान मुलगी नदीत बुडाली, त्या धक्क्यानं त्यांची वाचा गेली ती मरेपर्यंत आली नाही. त्या मुकेपणात त्यांनी एक नाटक लिहिलं होतं — गद्य, गाणी नाहीत. त्यातला बाप मुलीच्या प्रेतापाशी तिची अंगाई नुसती बोलून दाखवतो आणि मग पडदा पडेपर्यंत गप्प राहतो. गुरुजी गेल्यावर आमच्या हौशी मंडळानं त्याचं संगीत नाटक करायचं ठरवलं. चाली माझ्या, पेटीवरही मीच. अंगाईचं पूर्ण पद झालं, आणि खोटं कशाला बोलू, झकास झालं.

परवानगीसाठी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, चहा दिला, आमचं सगळं ऐकून घेतलं.

"गाणं टाकता त टाका बाप्पा," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यावर वन्स मोअर घ्याचा नाई. यायनं, तुमच्या गुरुजीनं, नदीच्या काठावर पोरीपाशी हेच अंगाईगाणं एकदा म्हटलं होतं. मीच म्हटलं, पुन्हा म्हणा, पोरगी उठंल. यायनं पुन्हा तोंड उघडलं… थ्याच येळी आवाज गेला."

बाईच्या मनाला लागलंय बिचारीच्या, असं म्हणत आम्ही बाहेर पडलो. रस्त्याला लागेपर्यंत विसरलोही.

पहिला प्रयोग जाम या गावी झाला, हायवेजवळच्या मंडपात. बापाच्या कामात आमचे रमेशभाऊ होते. पद संपलं आणि मंडपातून 'वन्स मोअर'चा एकच गलका झाला. संगीत नाटकवाल्याला याहून मोठं बक्षीस नसतं. मी पुन्हा सूर धरला, रमेशभाऊंनी पद उचललं आणि दुसऱ्या ओळीला त्यांचा गळा बसला. डॉक्टरांनी आधी सूज म्हटलं, मग ताण म्हटलं, शेवटी म्हणाले की गळ्यात काहीच दोष दिसत नाही. आजही ते बोलले की नुसती हवा येते.

प्रयोग थांबवायला हवे होते ना? पण मंडळ तापलं होतं, पवनारचा प्रयोग ठरलेला होता. ते काम माझ्या धाकट्या भावानं, दिलीपनं मागितलं. दिलीप बाजार समितीत लिलावाची बोली पुकारतो. म्हणजे पुकारायचा. त्याची हाक पार गेटवर ऐकू यायची, घर त्याच आवाजावर चालत होतं. मी साफ नाही म्हटलं.

"दादा, तू त हे मानतच नाई," तो हसून म्हणाला. "मंग काऊन भिऊन राह्यला?"

तालमीत तो तेच पद दहादा म्हणायचा, काही होत नव्हतं, तेव्हा माझाही धीर वाढला. तालमीत पुन्हा म्हणा असं कोणी मागत नसतं, हे डोक्यातच आलं नाही. तरी एक खबरदारी घेतली. नाटकाआधी मी स्वतः माइकवर विनंती केली की कृपया वन्स मोअर मागू नये. लोक हसले.

दिलीप त्या दिवशी असा गायला की माझ्याच अंगावर काटा आला. पद संपलं. आणि पुढच्या खुर्च्यांतून बारीक आवाज आला — वन्स मोअर. मी भाता बंद करून टाकला, मानेनं 'नाही' म्हटलं. दिलीपनं त्या खुर्च्यांकडे पाहिलं, गालात हसला आणि पेटीशिवायच सुरू झाला. पहिली ओळ म्हटली, दुसऱ्या ओळीला नुसते ओठ हलले.

आणि खरं भयंकर पुढेच आहे. नाटकात त्यानंतर बाप बोलतच नाही. त्यामुळे प्रयोग बिनबोभाट शेवटपर्यंत गेला. लोक रडले, टाळ्या पडल्या, कोणाला काही कळलं नाही. मी पेटी सोडून जाऊ शकलो नाही, तिथेच बसून माझा भाऊ काम करतोय की मुका झालाय हे बघत होतो. आत गेल्यावर त्यानं माझा हात धरला आणि तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

नागपूरपर्यंत सगळे डॉक्टर झाले. आता तो बाजारात पोती मोजतो.

मंडळाच्या पोरांनी मोबाइलवर प्रयोग घेतला होता. मी तो किती वेळा पाहिला ते विचारू नका. माझी विनंती आहे, पद आहे, त्यानंतर पूर्ण शांतता आहे. वन्स मोअर कोणी म्हणतच नाही. तबलजीलाही काही ऐकू आलं नव्हतं. दिलीप मात्र रिकाम्या खुर्चीकडे बघून हसतो, हे स्पष्ट दिसतं.

परवा मी त्याच्यावर चिडलो. एवढं बजावलं होतं, मी मानेनं नाही म्हटलं होतं, मग गायलास कशाला? त्यानं शांतपणे मोबाइलवर टाइप करून माझ्यासमोर धरलं.

"आपल्या चिनूनं मागतलं दादा. तिले नाई कसं म्हणू?"

चिनू म्हणजे त्याची मुलगी, सहा वर्षांची. त्या दिवशी तिला ताप होता. ती घरी नाचणगावात, माझ्या बायकोच्या मांडीवर झोपलेली होती.

मी जळलेली वायर अजून शोधतोय, सापडत नाही. चिनू धडधाकट आहे. फक्त हल्ली ती बापाकडे कशाचाच हट्ट धरत नाही.