सतरंज्यांमधला कापूस

आमचं जुनं गाव धरणात बुडालं. राहिलं ते फक्त टेकाडावरचं देऊळ. आता त्याच्या चहूकडे पाणी, म्हणून आम्ही त्याला बेट म्हणतो. वर्षातून एकदा सगळं गाव डोंग्यांत बसून तिथे भंडाऱ्याला जातं. एरवी तिथे फक्त टिटव्या, आणि झोपडी टाकून राहिलेला एक मासे धरणारा म्हातारा आणि त्याची बायको.

उघड्या गोट्यांत बिनघोर अंडी घालणाऱ्या त्या टिटव्या मी लहानपणापासून पाहत आले. अलीकडे मात्र नुसती कुरतडलेली कवचं दिसू लागली. बेटावर उंदीर झाले होते. म्हाताऱ्याच्या डोंग्यातून आले, असं माझ्या काकांनी ठरवून टाकलं. भंडाऱ्याचे पुढारी तेच, त्यांनी ठरवलं की झालं. झोपडी हटवायचंही ठरलं.

मी पुसदला कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. म्हटलं, आधी बघू तरी. झोपडीभोवती एक बीळ नाही, जाळं कुठे कुरतडलेलं नाही. देवळामागे मात्र बिळंच बिळं. एक उकरलं तर आत पिल्लांसाठी मऊ गादी, सरकीसकट कापसाची. बेटावर कापसाचं एक झाड नाही. भंडाऱ्याच्या सतरंज्या मात्र वर्षभर काकांच्या घरी कापसाच्या ढिगाला टेकून असतात, आणि गुंडाळलेल्या तशाच डोंग्यात चढतात. घरी जाऊन एक उलगडली. आत तोच कापूस आणि उंदरांच्या लेंड्या.

काकांना सांगितलं. ते चिडलेसुद्धा नाहीत, तेच जास्त लागलं मला.

"देवाच्या सतरंजीत उंदीर होते असं सांगत फिरू काय मी? त्याचं काय हाय, तो कुठीबी झोपडी टाकते."

ज्यांचं स्वतःचं गाव पाण्यात गेलं, त्यांनी हे म्हणावं! माझं टाळकंच सरकलं. घरोघरी जाऊन भांडले, कोणी ढिम्म हललं नाही. झोपडी गेली. उंदीर तिथेच राहिले.

यंदाच्या भंडाऱ्याचं सामान न्यायला डोंगा मात्र म्हाताऱ्याचाच बोलावला, कारण त्या पाण्यातल्या बुडालेल्या भिंती त्यालाच ठाऊक. काठावर मी म्हटलं, सतरंज्या उलगडून झटका. उशीर होऊन राह्यला, काका म्हणाले. अर्ध्या पाण्यात गुंडाळीतून एक उंदीर निघाला आणि कडेकडेनं सरसर पळाला. तो कुठून निघाला ते डोंग्यातल्या सगळ्यांनी पाहिलं.

काका म्हाताऱ्याकडे वळले.

"पाह्य बुढ्या, तुह्या डोंग्यात किती उंदीर हायेत."

सगळे हसले. म्हातारा वल्हं मारत राहिला.